साठ रुपये महिना

ऑगस्ट 1942 चा उत्तरार्ध. श्रावण लागलाय, नगरवर बारीक भुरभुर चालू आहे आणि तुम्ही कलेक्टर कचेरीच्या व्हरांड्यात उभे आहात. बोटांना अजून कांद्या-लसणाचा वास आहे. पट्टेवाल्याने तुम्हाला चुलीपुढूनच उठवून आणलंय. कशाला बोलावलंय, ते त्यालाही सांगितलेलं नाही.

तुम्ही आचारी आहात, आणि हाताला चव असलेले आचारी आहात. लग्नाची पंगत असो की भिंगार कॅम्पातल्या एखाद्या साहेबाकडचं जेवण, माणसं तुमचं नाव काढतात. ते नावच आज आडवं आलंय. कारकून कागदावरची नजर न उचलता सांगतो, "किल्ल्यात स्वयंपाकाचं काम आहे. महिना साठ रुपये."

साठ रुपये! लढाईवर निघालेल्या साध्या शिपायाचा मूळ पगार या दिवसांत विसाच्या आतबाहेर आहे. तुम्ही मनातल्या मनात वाण्याची उधारी फेडून मोकळे होता, घराच्या पत्र्याचं भोक बुजवता. मग विचारता, "कोणासाठी रांधायचं, रावसाहेब?" उत्तर येत नाही. पुन्हा विचारायचं धाडस होत नाही. इंग्रजी अमलात कलेक्टर कचेरीतून आलेल्या कामाला नकार कसा द्यायचा, हे तुम्हाला कुणी शिकवलेलं नाही.

कोणासाठी, हे मी तुम्हाला सांगतो. मी पुढच्या काळातून आलोय, मला ते सांगता येतं. 8 ऑगस्टला मुंबईत गवालिया टँकवर काँग्रेसने 'छोडो भारत'चा ठराव केला. 9 तारखेच्या पहाटे पुढाऱ्यांना घराघरांतून उचलून आगगाडीत बसवलं. गांधीजींना पुण्यात आगाखान पॅलेसमध्ये ठेवलं. वर्किंग कमिटीतल्या बारा जणांना तुमच्या गावी आणलं: मौलाना आझाद, जवाहरलाल नेहरू, वल्लभभाई पटेल, गोविंद वल्लभ पंत, आचार्य कृपलानी, आचार्य नरेंद्र देव, असफ अली, पट्टाभि सीतारामय्या, सय्यद महमूद, प्रफुल्लचंद्र घोष, हरेकृष्ण महताब आणि आपले शंकरराव देव. त्यांना कुठे ठेवलंय हे सरकारने जाहीर केलेलं नाही. त्यांना वर्तमानपत्र नाही, घरची भेट नाही. हे सारं गुपित राखलेल्या जागी आता बाहेरचा एक माणूस लागतोय, कारण बारा माणसांना रोज दोन वेळा जेवायला तर लागतंच.

किल्ला तुम्ही लहानपणापासून बाहेरून पाहत आलात. गोल तट, भोवती रुंद खंदक, त्यावरचा पूल. चांदबिबीच्या गोष्टी तुम्ही आजीकडून ऐकल्यात. पण 1803 च्या ऑगस्टमध्ये वेलस्लीने आधी शहर आणि चार दिवसांनी हा किल्ला घेतला, मग तो मराठ्यांना परत मिळाला, पण 1817 पासून आत सात समुद्रांपलीकडच्या राज्याचं लष्कर आहे. किल्ला नगरचा, जमीन नगरची, पण आत जायचं तर परक्या फौजेचा पास लागतो. परमुलखातला लष्करी तळ म्हणजे काय, ते समजायला नगरच्या माणसाला बोटीत बसावं लागलं नाही.

"मग उद्यापासून येतो," असं म्हणून तुम्ही वळता. हात आडवा येतो. घरी नाही जायचं.

घोटाळा असा झालाय की कलेक्टरने आचारी शोधला, पण किल्ल्याच्या कमांडिंग ऑफिसरने तुम्हाला आत घ्यायला अजून होकार दिलेला नाही. तो पुण्याच्या लष्करी कचेरीच्या हुकमाची वाट पाहतोय. तोवर तुम्हाला घरी सोडलं तर रात्रीपर्यंत गावभर बोभाटा होईल. शिवाय कुणी तुमच्या हाती चिठ्ठी दिली तर? किल्ल्यात नेता येत नाही, बाहेर ठेवता येत नाही. मग गावात किल्ल्याखालोखाल बंदोबस्ताची जागा कोणती? तुरुंग. गोड बोलून तुम्हाला तिथे नेतात. कडी लागते तेव्हा तुम्हाला कळतं.

कोठडीत एक घोंगडी, पाण्याचं मडकं, कोपऱ्यात टमरेल. तुम्ही गजाला धरून विचारता की माझा गुन्हा काय. गुन्हा काहीच नाही, असं पहाऱ्यावरचा शिपाई अगदी खरं सांगतो. घरी बायको ताट वाढून बसली असेल. तिला कुणी निरोप दिला असेल का? निरोप देणं हीच तर त्यांची भीती आहे.

रात्र मोठी आहे आणि झोप लागणार नाही, तोवर जरा मागे-पुढे फिरून येऊ. सव्वीस वर्षं मागे, मेसोपोटेमियात, तैग्रिसकाठच्या कूत-अल-अमारा गावात. पुण्याची सहावी डिव्हिजन तिथे तुर्कांच्या वेढ्यात सापडलीय. 103, 110 आणि 117 नंबरच्या मराठा पलटणी तिच्यात आहेत. खायला घोडे आणि खेचरं उरलीत. 29 एप्रिल 1916 ला फौजेने शरणागती पत्करली, तेव्हा कैद झालेल्यांत सुमारे सव्वातीन हजार 'फॉलोअर' होते. म्हणजे भिस्ती, आचारी, धोबी, झाडूवाले, डोलीवाले. बंदूक हाती नव्हती, पण वाळवंटातून पायी हाकलताना तुर्कांनी तो फरक पाहिला नाही. पलटणींच्या इतिहासात सुभेदाराचं नाव मिळतं. भिस्त्याचं शोधून पाहा.

आता तुमच्या कोठडीतल्या रात्रीपासून बासष्ट वर्षं पुढे या. ऑगस्ट 2004, देश तोच, आता त्याला इराक म्हणतात. अमेरिकी तळावरच्या कामासाठी निघालेले बारा नेपाळी तरुण वाटेतच पकडले गेले आणि मारले गेले. त्यांतल्या बऱ्याच जणांना घरून निघताना जॉर्डनमधल्या हॉटेलात नोकरी आहे, असं सांगितलं होतं. कुठे जायचंय ते अर्धवट सांगायचं, पगाराचा आकडा मात्र पुरता. तुमच्या साठ रुपयांचं गणितही तेच आहे, आणि ते अजून मोडलेलं नाही, याचा मला फार राग येतो.

चला, उजाडलं. हुकूम आलाय.

किल्ल्यात शिरताना तुम्ही मान वर करत नाही. बराकींच्या मधल्या चौकात तुम्हाला उभं करतात. उत्तरेच्या कडेला एक जुनी फुटकी कबर आहे, बाजूला कडुनिंब, आणि कबरीच्या उशाशी दिव्याचा कोनाडा. दिवा नाही, पण कोनाड्याची कमान काजळीने काळी पडलेली आहे. तुम्ही नकळत हात जोडता.

कैद्यांचा कारभार पाहणारा अधिकारी इथेच असतो. निजामशाहीतल्या एका हबशी सरदाराच्या नावावरून आझादांनी त्याला 'चीताखान' म्हणायला सुरुवात केलीय आणि सगळ्यांनी ते नाव उचललंय. बरा आचारी नाही, ही तक्रार त्याच्याकडे रोज येत होती, म्हणून आज त्याचा चेहरा खुलला आहे. कैदीही खुश. बरं जेवण मिळेल, अशी सगळ्यांना आशा आहे.

तुम्ही चुलीपुढे बसता. इथे तरी हात ओळखीचं काम करतील असं वाटतं. पाटा धुता, हळकुंड, धणे, सुक्या मिरच्या घेता, वरवंटा फिरवायला लागता. एरवी हात आपसूक चालतात, मसाला सरसरीत झाला की वरवंट्याचा आवाज बदलतो आणि तुम्ही न पाहता हात थांबवता. आज तो आवाज कानांवर पडतच नाही. दरवाजाशी वॉर्डरची टाच वाजली की हात अडकतो. वरण उकळून वर येतं, चुलीत सांडतं, राखेचा धूर होतो. मीठ घातलं की नाही ते आठवत नाही, पुन्हा घालता. फोडणी करपते. आयुष्यात तुमची फोडणी करपली नव्हती.

जेवण बाहेर जातं. कुणी काही बोलत नाही. वल्लभभाईंना आतड्याचा त्रास आहे, नरेंद्र देवांना दमा. अशा माणसांपुढे आपण खारट वरण ठेवलं, याची लाज तुम्हाला रात्रभर झोपू देत नाही. आचारी माणसाला ही लाज कैदेइतकीच लागते. पहाटे चारच्या सुमाराला एका खोलीत उजेड दिसतो. मौलाना उठलेत. ते स्वतःच्या हाताने चहा करतात, चमेलीच्या वासाचा चिनी चहा, दूध न घालता. मग लिहायला बसतात. हबीबुर्रहमान खान शेरवानी या स्नेह्याला पत्रं लिहितात. ती टपालात पडणार नाहीत, हे त्यांना ठाऊक आहे. 1946 मध्ये ती 'गुबार-ए-खातिर' या पुस्तकात छापली जातील आणि त्यांत तुम्ही असाल.

आझादांच्या त्या उर्दूवर माझा जीव आहे. पण तुमची गोष्ट त्यांनी गंमत म्हणून सांगितलीय: साठ रुपयांच्या मोहात सापडलेला, तुरुंगात भाजून निघालेला बावर्ची. लिहिणारा स्वतः बंदिवान होता, नऊ महिन्यांत त्याची बायको कलकत्त्याला वारली आणि त्याला तिचं शेवटचं दर्शनही झालं नाही. अशा माणसाने जगायला हसू शोधलं तर त्याला बोल लावणारा मी कोण? तरी ती पानं वाचताना माझं लक्ष चुलीकडेच जातं. ते बारा जण सत्याग्रहाचे पाईक होते, तुरुंग गृहीत धरून घराबाहेर पडले होते. तुम्ही मीठ-मिरची गृहीत धरून आलात.

दोन दिवस कसेबसे निघतात. तिसऱ्या सकाळी परात तुमच्या हातातून सुटते. कुणीतरी विचारतं, काय झालं रे? तेवढंच पुरतं. तुम्ही दरवाजाकडे धावता, वॉर्डर धरतात, तुम्ही व्हरांड्याच्या फरशीवर अंग टाकता आणि हंबरडा फोडता. वॉर्डर कडं करतात. कामाला ठेवलेले साधे कैदी चौकात गोळा होतात. खोल्यांतून एकेक पुढारी बाहेर येतो. मौलाना लिहिता लिहिता उठून आलेत.

चीताखान भिंतीला टेकून उभा आहे. इथून निघायचा तुला काही अधिकार नाही, असं तो बजावतो. तुमच्या तोंडून जे निघतं ते तुम्ही आजवर कुठल्याच साहेबापुढे बोललेले नाही: मला पुरता अधिकार आहे, मला अडवायचा तुम्हाला नाही. आझादांना यात मनुष्याच्या इच्छास्वातंत्र्याचा जुना वाद ऐकू येतो, आणि पत्रात ते तसं लिहितील. तुम्हाला तत्त्वज्ञान नको आहे. तुम्हाला पूल ओलांडून घरी जायचंय, आणि झालेल्या दिवसांचे पैसेही हवेत. तुम्ही ते पुन्हा म्हणता, या वेळी बारा जणांकडे पाहत, आणखी मोठ्याने.