दररोजच्या सुधारणेचा इतिहास

चळवळीचा इतिहास सांगताना आपण नेहमी मोठ्या तारखा सांगतो. २० मार्च १९२७, २५ डिसेंबर १९२७, १४ ऑक्टोबर १९५६. या तारखा आपल्या पोराबाळांनासुद्धा पाठ असतात आणि असायलाच पाहिजेत. परंतु या तारखांच्या मधल्या दिवसांत आपली माणसं काय करीत होती? त्या काळात सभा नव्हती, मोर्चा नव्हता, नेहमीचं काम होतं. आणि त्या नेहमीच्या दिवसांतच समाज इंचाइंचाने बदलत होता. त्या बदलाचा थोडासा धांडोळा घेण्याचा हा प्रयत्न आहे.

२० जुलै १९२४ रोजी मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. या सभेने पहिल्याने काय केलं? सोलापुरात ४ जानेवारी १९२५ रोजी हायस्कुलात शिकणाऱ्या मुलांसाठी एक वसतिगृह काढलं. मुलांचं जेवण, राहणं, कपडे आणि वह्या-पुस्तकं यांचा खर्च सभेने उचलला. सोलापूर नगरपालिकेने दरमहा ४० रुपये मदत दिली. मुलांनी ‘सरस्वती विलास’ नावाचं मासिक चालवलं. मुंबईत सभेने मोफत वाचनालय उघडलं आणि तरुणांसाठी हॉकी क्लब काढला. हॉकी कशासाठी, असं कोणी विचारील. तर पोरं जुगार आणि दारूकडे वळू नयेत, त्यांच्या संध्याकाळी चांगल्या जाव्यात, एवढ्यासाठी. वसतिगृह, वाचनालय, खेळाचा क्लब ही कामं दिसायला किती लहान! पण चळवळीचा पाया इथे भरला गेला.

अभ्यासाला जागा नसली म्हणजे काय होतं, हे बाबासाहेबांनी स्वतः भोगलं होतं. परळच्या चाळीतली एकच खोली. तीच स्वयंपाकाची, तीच झोपण्याची, त्यातच जळणाची लाकडं. भीमराव लवकर झोपत आणि वडील सुभेदार रामजी जागत बसत. रात्री दोन वाजता ते मुलाला अभ्यासाला उठवीत आणि त्याच्या जागेवर स्वतः आडवे होत. एका खोलीतून दोघांची सोय अशी पाळीपाळीने काढलेली! विद्वत्ता काही एका रात्रीत आली नाही. ती अशा कित्येक रात्रींनी आली.

महाडच्या मार्च १९२७ च्या परिषदेत बाबासाहेबांनी लोकांना सांगितलेल्या गोष्टीही घरातल्याच होत्या. मेलेल्या ढोराचं मांस खाऊ नका, दारोदार शिळे तुकडे मागू नका, मुलांना शिकवा, शेतीकडे वळा. आज वाचताना यात विशेष ते काय, असं वाटेल. पण त्या काळात यातली एकेक गोष्ट फार महाग होती. मेलेलं ढोर ओढायचं नाही म्हटलं की गाव खवळत असे. शेतात मजुरी बंद, दुकानात मीठ-मिरची बंद, वाट बंद. मुंबई सरकारने १९२८ साली नेमलेल्या स्टार्ट समितीने १९३० च्या अहवालात या सामाजिक बहिष्काराच्या हत्याराविषयी सरकारला स्पष्ट सांगितलं. स्वतः बाबासाहेब त्या समितीचे सभासद होते. म्हणून ध्यानात ठेवलं पाहिजे, लहान सुधारणा म्हणजे सोपी सुधारणा नव्हे. ज्याने तुकडा मागणं सोडलं, त्याच्या घरी त्या दिवशी चूल पेटली असेलच असं नाही.

डिसेंबर १९२७ मध्ये महाडलाच बाबासाहेब बायामाणसांशी बोलले. लुगडं नेसण्याची पद्धत बदला, गळ्यातल्या भाराभर गळसऱ्या आणि हातातल्या कोपरापर्यंतच्या कथलाच्या गोट-पाटल्या टाका, घर स्वच्छ ठेवा. कित्येक स्त्रियांनी लागलीच लुगडं नेसण्याची पद्धत बदलली. कुणी म्हणेल, लुगड्याने काय सुधारणा होते? होते! कारण तो पोशाख हौसेचा नव्हता, ती जातीची खूण होती. दुरूनच बाई कोणत्या जातीची हे कळावं, याची ती सोय होती. खूण टाकली म्हणजे अपमानाचा एक दरवाजा बंद झाला.

चवदार तळ्याचीच गोष्ट घ्या. ओंजळभर पाणी प्यायला क्षण लागला. परंतु तो हक्क कोर्टात टिकवायला दहा वर्षं लागली. डिसेंबर १९२७ मध्ये दाखल झालेल्या दाव्याचा शेवट १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाच्या निकालाने झाला. निकाल आपल्या बाजूने लागला. मधल्या दहा वर्षांत तारखा, कागद, साक्षी, पुरावे. या कामाला टाळ्या नसतात. पण हे काम कोणीतरी चिकाटीने केलं, म्हणून हक्क कायद्याने पक्का झाला.

विदर्भाकडे पाहिलं तर जाईबाई चौधरींचं उदाहरण आहे. नागपूर-कामठी अशी डोक्यावर ओझी वाहणारी ही बाई. एका मिशनरी बाईंनी त्यांना लिहायला-वाचायला शिकवलं, मग शिक्षिकेची नोकरी मिळाली. पण शिक्षिका अस्पृश्य आहे असं कळल्यावर लोकांनी ओरड केली आणि ती नोकरी गेली. जाईबाई रडत बसल्या नाहीत. त्यांनी नागपुरात चोखामेळ्याच्या नावाने मुलींची शाळा काढली. पुढे २० जुलै १९४२ रोजी त्याच नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची अखिल भारतीय परिषद भरली, तेव्हा हजारो स्त्रिया आल्या. बाबासाहेबांनी त्यांना स्वच्छ राहा, मुलांना शिकवा, त्यांच्या लग्नाची घाई करू नका, असं सांगितलं. मुली शिकू लागल्या होत्या, बाया सभेला येऊ लागल्या होत्या, म्हणून अशी परिषद भरू शकली. या स्त्रियांच्या आठवणी उर्मिला पवार व मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ या १९८९ च्या ग्रंथात जपल्या आहेत. प्रत्येक घरात तो वाचला गेला पाहिजे.

८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी निघाली आणि १९४६ च्या जूनमध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झालं. तिथले वर्ग सकाळी भरत. का? दिवसा नोकरी करणाऱ्या गरीब मुलाला शिकता यावं म्हणून. घड्याळाचे काटे थोडे पुढे-मागे केले आणि कित्येक कारकून पदवीधर झाले! १९५० साली औरंगाबादेत कॉलेज निघालं, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झालं. त्या नागसेनवनातून मराठवाड्याच्या खेड्यापाड्यातली किती घरं उभी राहिली, हे आपण सर्व जाणतोच.

भगवान बुद्धांच्या धम्मातही हाच विचार आहे. पंचशीलातल्या प्रत्येक शीलाला पाली भाषेत ‘सिक्खापद’ म्हणतात. म्हणजे शिकण्याची पायरी. ती एकदा चढून संपत नाही, म्हणून आपण शील पुन्हा पुन्हा ग्रहण करतो. सम्यक व्यायामाची चार अंगंही तशीच आहेत. न आलेला वाईट विचार येऊ न देणं, आलेला घालवणं, चांगला विचार उत्पन्न करणं, आणि उत्पन्न झालेला टिकवणं. यातलं चौथं सगळ्यात अवघड. नवं सुरू करायला उत्साह पुरतो, टिकवायला सवय लागते.

म्हणून या वर्धापनदिनी उपासक-उपासिकांना एवढीच विनंती. भव्य संकल्प जरूर करू या, पण त्यातलं उद्या सकाळी काय करणार ते आधी ठरवू या. विहारातलं वाचनालय रोज एक तास उघडं ठेवायचं. ज्या घरात अभ्यासाला जागा नाही त्या मुलांना संध्याकाळी इथे बसू द्यायचं. दारूत जाणारा पैसा फीकरिता बाजूला टाकायचा. घरातल्या सुनेला, लेकीला सभेत बोलायला उभं करायचं. वर्षभराने पुन्हा जमू तेव्हा यातलं काय टिकलं, याचा हिशेब एकमेकांना देऊ या. आपल्या आजा-आजींनी उपाशी राहून जे टिकवलं, ते पोटभर जेवून टिकवणं आपल्याला जमलं पाहिजे.

जय भीम! नमो बुद्धाय!