तळटीप : आंग्स्ट
‘आंग्स्ट’ हा जर्मन शब्द अनुवादात मुद्दाम तसाच ठेवला आहे. जर्मन घरांत तो अगदी रोजचा; कुत्र्याला घाबरणारं पोरही हाच शब्द वापरतं. त्याला तत्त्वज्ञानातलं वजन आलं ते डॅनिश तत्त्वज्ञ किर्केगार्दमुळे. १८४४ साली त्याने या शब्दाच्या डॅनिश भावंडावर अख्खा ग्रंथ लिहिला. कड्यावरून खोल दरीत पाहताना येणारी घेरी हा त्याचा दाखला : घेरीचं कारण दरीत असतं, तसंच पाहणाऱ्याच्या डोळ्यांतही. आपल्यापुढे काहीही शक्य आहे, ही जाणीव माणसाला अशीच गरगरवते. पुढे १९२७ मध्ये जर्मन तत्त्वज्ञ हायडेगरने ‘फुर्ख्ट’ म्हणजे अमुक गोष्टीची भीती आणि ‘आंग्स्ट’ यांत फरक केला. आंग्स्टला बोट दाखवायला समोर काही नसतं.

व्युत्पत्ती तर फारच बोलकी आहे. जर्मन ‘एंग’ म्हणजे अरुंद. लॅटिन ‘आंगुस्तुस’ आणि ऋग्वेदातला ‘अंहस्’ (संकट, कोंडी) हे त्याच कुळातले. छाती आवळते, श्वासाला वाट उरत नाही, ती ही अवस्था. मराठीत आपणही ‘जीव कोंडला’ म्हणतोच. अनुवादासाठी ‘धास्ती’ जवळची वाटली, पण धास्ती कशाची तरी असते. ‘हुरहूर’ फार हळवी.