वय झाले की आजार जडला? उतारवयातील कुत्र्यात होणारे बदल

फाटक वाजताच धावत येणारा कुत्रा हळूहळू जागेवरूनच शेपटी हलवू लागतो, ओसरीच्या पायऱ्यांपाशी अडखळतो, हाक मारली तरी मान वळवत नाही. घरची मंडळी म्हणतात, ‘आता वय झाले त्याचे.’ हे अनेकदा खरेही असते. परंतु तेवढ्यावरच विषय संपवल्याने उपचार होऊ शकणारी दुखणीही म्हातारपणाच्या खात्यात जमा होतात. वार्धक्य हा स्वतः आजार नव्हे. मात्र त्याच्या आडोशाला अनेक आजार वाढतात. कुत्र्याला आपली व्यथा सांगता येत नाही. त्यामुळे बदल टिपण्याचे काम त्याच्या सोबत राहणाऱ्यांनाच करावे लागते.

स्वाभाविक बदल कोणते?

कुत्र्याचे एक वर्ष म्हणजे माणसाची सात वर्षे, हा रूढ हिशेब सर्व जातींना लागू पडत नाही. लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड यांसारखे मोठ्या जातीचे कुत्रे ७ ते ८ वर्षांचे होताच उतारवयात प्रवेश करतात. पॉमेरेनियनसारख्या लहान जातींत ही अवस्था साधारण १० वर्षांच्या आसपास येते. तोंडावरचे केस पिकणे, झोप वाढणे, उत्साह थोडा ओसरणे हे बदल वयानुसार होतात. डोळ्यांत येणारी निळसर झाकही बहुधा भिंग कठीण झाल्यामुळे असते आणि तिने नजर फारशी कमी होत नाही. मोतीबिंदूत मात्र भिंग पांढरे पडत जाते, दृष्टी अधू होते आणि कुत्रा सामानाला धडकू लागतो.

चाल सांगते दुखणे

सांधेदुखी असलेला कुत्रा विव्हळेलच असे नाही. झोपेतून उठताना अंग आखडणे, मोटारीत उडी मारण्यास कचरणे, एकच सांधा सतत चाटणे, पाठीवर हात ठेवताच गुरगुरणे ही वेदनेचीच लक्षणे होत. पशुवैद्याच्या सल्ल्याने औषधे, आटोक्यात ठेवलेले वजन आणि रोजचे थोडे चालणे यांनी मोठा आराम मिळू शकतो. घरातील गुळगुळीत लाद्यांवर म्हाताऱ्या कुत्र्याचे पाय घसरतात; त्याच्या येण्या-जाण्याच्या वाटेवर न सरकणारी चटई अंथरली तरी तो निर्धास्त चालतो. माणसांची वेदनाशामके मात्र त्याला कदापि देऊ नयेत. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या जठरात व्रण होऊ शकतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. पॅरासिटामॉल यकृताला घातक ठरू शकते.

तहान, भूक आणि वजन

पाण्याचे भांडे पूर्वीपेक्षा लवकर रिकामे होऊ लागले, तर ती बाब गांभीर्याने घ्यावी. दर किलो वजनामागे दिवसाला १०० मिलिलिटरहून अधिक, म्हणजे १० किलोच्या कुत्र्याने १ लिटरपेक्षा जास्त पाणी पिणे, हे प्रमाणाबाहेरचे मानले जाते. मूत्रपिंडांचा विकार, मधुमेह किंवा संप्रेरकांचा बिघाड त्यामागे असू शकतो. नसबंदी न झालेल्या मादीला माजानंतरच्या काही आठवड्यांत तहान वाढून उलट्या होऊ लागल्या, तर गर्भाशयात पू झाल्याची शक्यता असते. अशा वेळी एक दिवसाचा विलंबही जिवावर बेतू शकतो.

भूक आहे, पण घास तोंडातून पडतो किंवा एकाच बाजूने चावला जातो, असे दिसल्यास दात व हिरड्या तपासून घ्याव्यात. मूत्रपिंडाचा विकार ठरल्यावर सुक्या मासळीसारखे खारट पदार्थ बंद करावे लागतात. वजन घरीही मोजता येते: कुत्र्याला उचलून काट्यावर उभे राहावे आणि त्यातून स्वतःचे वजन वजा करावे. मोठ्या कुत्र्याचे वजन दवाखान्यातच करून घ्यावे. अंगावरची गाठ चरबीची आहे की कर्करोगाची, हे हाताने चाचपून ठरत नाही. सुईने नमुना घेऊन ती तपासावी लागते.

श्वासाचा हिशेब

कुत्रा गाढ झोपलेला असताना छातीची हालचाल पाहावी. छाती वर येऊन खाली जाणे म्हणजे एक श्वास. मिनिटाला ३० पेक्षा अधिक श्वास वारंवार भरत असतील, तर हृदयाची तपासणी आवश्यक ठरते. लहान जातींत हृदयाच्या झडपेचा विकार पुष्कळ आढळतो आणि रात्रीचा खोकला हे त्याचे लक्षण असू शकते. वयस्क लॅब्राडोरचा आवाज घोगरा होऊन श्वास घरघरू लागला, तर स्वरयंत्राच्या पक्षाघाताची शंका घ्यावी. दमट उकाड्यात असा कुत्रा धोक्यात येतो.

वागणूक बदलते तेव्हा

काही वृद्ध कुत्र्यांना माणसांप्रमाणेच स्मृतिभ्रंश होतो. ओळखीच्याच खोलीत वाट चुकणे, कोपऱ्यात तोंड करून उभे राहणे, दिवसा झोपून रात्रभर येरझाऱ्या घालणे, घरातच लघवी करणे ही त्याची लक्षणे. अशा कुत्र्याला रागावून उपयोग नसतो. जेवणाची आणि फिरण्याची वेळ ठरलेली असावी, सामानाची जागा बदलू नये आणि रात्री मंद दिवा ठेवावा. मात्र हीच लक्षणे बहिरेपणा, अंधत्व, वेदना किंवा मूत्रविकारातूनही उद्भवतात. म्हणून आधी तपासणी व्हावी. स्वभाव एकाएकी पालटला, लाळ गळू लागली वा गिळता येईनासे झाले, तर तोंडात हात न घालता पशुवैद्याला कळवावे, कारण रेबीजची शक्यता वयाने संपत नाही. लसीकरण अखेरपर्यंत चालू ठेवावे. गोचीडतापापासूनही म्हातारा कुत्रा सुरक्षित नसतो. नाकातून रक्त येणे किंवा गडद रंगाची लघवी होणे ही त्याची खूण असू शकते.

हिरड्या पांढुरक्या पडणे, पोट अचानक फुगणे, झटके येणे, लघवी तुंबणे किंवा कोसळणे यांपैकी काहीही दिसले, तर सकाळची वाट पाहू नये.

नोंद ठेवण्याचे महत्त्व

रोज पाहणाऱ्या डोळ्यांना सावकाश होणारा बदल जाणवत नाही. चतुर्थीला वर्षभराने घरी आलेला पाहुणा ‘हा किती वाळला!’ म्हणतो, तेव्हा कुठे घरच्यांच्या लक्षात येते. म्हणून महिन्यातून एकदा वजन, तहान, झोपेतील श्वास आणि चाल यांची वहीत नोंद करावी, चालतानाचे चित्रण मोबाइलवर जपून ठेवावे आणि दर ६ महिन्यांनी रक्त व लघवीची तपासणी करून घ्यावी. दवाखान्यात भेदरलेला कुत्रा बऱ्याचदा लंगडायचेही विसरतो. तेथे ही वही आणि हे चित्रणच त्याची बाजू मांडते. प्रत्येक आजार बरा होणार नाही; पण वेळीच ओळखलेल्या वेदनेवर बहुधा उतारा मिळतो आणि त्याची उरलेली वर्षे सुसह्य होतात.