डिस्फार्मर छायाचित्रसंग्रह
अमेरिकेच्या आर्कन्सॉ राज्यातील हीबर स्प्रिंग्झ या लहान गावी माइक डिस्फार्मर (१८८४–१९५९) याने काढलेली सामान्य लोकांची व्यक्तिचित्रे. मूळ आडनाव मायर, म्हणजे शेतकरी. ते टाकून त्याने ‘शेतकरी नव्हे’ अशा अर्थाचे नाव घेतले. चित्रे मात्र बहुतांशी शेतकरी कुटुंबांचीच. त्याच्या मृत्यूनंतर काचेवरील सु. ३,००० निगेटिव्ह एका रहिवाशाने अवघ्या ५ डॉलरना घेतल्या. १९७६ मध्ये त्यांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाल्यावर कलाजगताचे लक्ष वेधले गेले. त्याने स्वतः छापलेल्या, जेमतेम पोस्टकार्डाएवढ्या प्रती कुटुंबांकडेच होत्या. २००४ पासून त्या घरोघर जाऊन विकत घेण्यात आल्या. अशा खरेदीत व्यक्तींची नावे व नाती नोंदविणे प्रतीइतकेच महत्त्वाचे; अन्यथा ओळखीचा शेजारी निनावी ‘ग्रामीण नमुना’ ठरतो.