चूल बदलली, धूर घरातच राहिला

मंडळी, जोतिबाच्या डोंगराचा इतिहास म्हटला की आपण राणोजी शिंद्यांनी १७३० साली बांधलेल्या देवळापासून सुरुवात करतो. आज त्याच डोंगरावरच्या स्वयंपाकघराचा इतिहास सांगतो. लांबलाय, पण वाचा.

चैत्राची यात्रा, माघातले खेटे, दर रविवारची गर्दी. भाविकांचा पुरणपोळीचा नैवेद्य वाडी रत्नागिरीच्या घराघरांत शिजतो. तो शिजवणाऱ्या बाईच्या छातीत काय साठत गेलं, हे कुणी लिहून ठेवलं नाही. चाळिशीतच धाप लागायला लागली की आपण म्हणतो, "वय झालं" नाहीतर "अंगात दमा आहे." आयुष्यात विडी ओढली नाही, तंबाखूला शिवली नाही, तरी दम का लागतो, असा प्रश्न घरात कुणी विचारत नाही.

डॉक्टरांनी तो फार आधी विचारला होता. हृदयविकारतज्ज्ञ डॉ. एस. पद्मावती यांनी १९५९ साली दिल्लीतल्या १२७ रुग्णांचा अभ्यास छापला. फुप्फुसं खराब झाल्यानं हृदयावर ताण आलेले हे रुग्ण. त्यांत बायकांचं प्रमाण डोळ्यांत भरण्यासारखं होतं आणि संशय चुलीच्या धुरावर गेला. पुढं १९८१ मध्ये कर्क स्मिथ आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी गुजरातच्या चार खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या श्वासात किती धूर जातो, ते यंत्र लावून मोजलं. शहरातल्या रस्त्यावरच्या हवेपेक्षा तो कितीतरी पट जास्त निघाला.

म्हणजे दुखणं कळून साठ वर्षं उलटली. मग उपाय झाले नाहीत का? झाले. वर्ध्याच्या मगनवाडीत स्वातंत्र्याच्या सुमारास धुराडं असलेली मगन चूल तयार झाली. १९५३ साली हैदराबादच्या डॉ. राजूंनी बिनधुराच्या चुलीवर पुस्तकच काढलं. १९८३ पासून केंद्र सरकारनं सुधारित चुलींचा कार्यक्रम हाती घेतला. तो २००२ पर्यंत चालला आणि देशभर तीन कोटींवर चुली बसल्या. पण धुराड्यात काजळी साठली, ती काढायची कशी हे कुणी सांगितलं नाही. चूल तडकली, दुरुस्त करायला कुणी आलं नाही. आकडा कागदावर राहिला आणि घरात परत तीन दगड आले.

पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांनी १९९६ साली 'आरती' संस्था काढली. चूल नुसती वाटून भागत नाही, गावातच ती बनवणारा आणि विकणारा माणूस तयार व्हावा लागतो, हे या संस्थेनं ओळखलं. उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याच्या त्यांच्या कामाला २००२ साली ॲश्डेन पुरस्कार मिळाला. ऊस आपल्या जिल्ह्यात, पाचट आपल्या शेतात, आणि आपण मात्र फडातच पेटवून देतो. असो.

१ मे २०१६ ला उज्ज्वला योजना आली आणि गॅस खेड्यापाड्यांत पोचला. ही मोठी गोष्ट आहे, नाकारायचं कारण नाही. पण टाकी महागली की जळण परत घरात येतं. चहा गॅसवर आणि अंघोळीचं पाणी चुलीवर, हे तर आपल्याकडं सर्रास चालतं. पहाटे पेटलेल्या बंबाचा धूर झोपलेल्या पोरांच्या नाकात जातोच की.

आणखी एक बदल आपल्या लक्षात आला नाही. जुन्या कौलारू घरात कौलांच्या फटींतून धूर निघून जायचा. आता वर स्लॅब आलाय. चूल तीच, शेणी त्याच, पण धुराला वाट नाही. त्यात डोंगरावरचा पावसाळा. धुकं, ओल, दारं-खिडक्या बंद, जळण ओलं, भिंतीला बुरशी. रात्री मच्छरची कॉइल. चीन-मलेशियातल्या कॉइलींवर २००३ साली एक अभ्यास छापून आला. एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके बारीक कण निघतात, असं त्यात आढळलं. म्हणजे घरात सिगारेट कुणी ओढत नाही, हे म्हणण्यात काय अर्थ राहिला?

एक गोष्ट नीट समजून घ्या. आपण सगळ्याच धापेला दमा म्हणतो. दम्यात श्वासनळ्या मधूनच आवळतात, आणि धूर, बुरशी, गुलालाची धूळ त्याला उचकवतात. वर्षानुवर्षांच्या धुरानं फुप्फुसं कायमची खराब होतात, तो सीओपीडी. दोन्हींचे उपचार वेगळे. जोरात फुंकून करायच्या साध्या तपासणीत फरक कळतो, ती करून घ्या. पंपाची 'सवय लागते' हा गैरसमज सोडा. पंपातलं औषध थेट छातीत जातं, म्हणून गोळीपेक्षा कितीतरी कमी लागतं. बरं वाटलं म्हणून ते मनानं बंद करू नका.

घरात करण्यासारखं बरंच आहे. चुलीच्या वर धूर जायला भोक किंवा धुराडं ठेवा, काजळी वरचेवर काढा. पावसाळ्याआधी जळण वाळवून झाकून ठेवा. पाण्याची चूल घराबाहेर न्या. कॉइलऐवजी मच्छरदाणी लावा. यात्रेत दम्याच्या माणसाला गुलालापासून लांब ठेवा आणि नंतर घर कोरडं झाडू नका, ओल्या फडक्यानं पुसा.

शेवटी सगळ्यांच्या कामाचं. ६ मे २०२५ ला चौंडीच्या मंत्रिमंडळ बैठकीत जोतिबाच्या विकासासाठी २५९.५९ कोटींच्या आराखड्याला मंजुरी मिळाली. देवळाचं भलं व्हावं, भाविकांची सोय व्हावी, ते हवंच. पण त्याच डोंगरावर नैवेद्य रांधणाऱ्या घरांना धुराडं, सौरबंब आणि वर्षातून एकदा फुप्फुसांची तपासणी मिळावी, एवढी मागणी ग्रामसभेत कुणीतरी मांडायला पाहिजे. धुराड्याच्या दुरुस्तीचा माणूस कोण, हेही तिथंच ठरावं. नाहीतर सुधारित चुलींचं झालं तेच परत होईल.

पुढची ग्रामसभा कधी आहे, ते डोंगरावरच्या मंडळींनी खाली लिहा. मी येतोय.

चांगभलं!