तीन अटी, एक मुदत : कमला भागवत यांची बंगळुरातील वाटाघाट

१९३३ साली कमला भागवत मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. परीक्षेत पहिल्या आल्या. विषय रसायनशास्त्र. पुढील संशोधनासाठी त्यांनी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेकडे अर्ज केला आणि तो नाकारला गेला. गुणांविषयी आक्षेप नव्हता. अर्जदार स्त्री होती, एवढेच कारण. संस्थेची सूत्रे त्याच वर्षी सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या हाती आली होती. १९३० च्या नोबेल पारितोषिकाचे तेज ताजे होते, आणि संस्थेत त्यांचा शब्द अखेरचा होता.

कमलाबाई या दुर्गाबाई भागवतांच्या धाकट्या भगिनी. वडील नारायणराव आणि चुलते माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ व याच संस्थेचे आरंभीचे विद्यार्थी. वडिलांना आणि चुलत्यांना उघडे असलेले दार मुलीला मात्र बंद झाले.

त्या थेट बंगळुरूला गेल्या. नकाराचे कारण विचारले आणि प्रवेश मिळेपर्यंत सत्याग्रहाची भाषा केली. सविनय कायदेभंगाच्या त्या काळात या शब्दाचे वजन कोणाला समजावून सांगावे लागत नव्हते.

रामन नमले, पण अटी घालून. पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनीचा दर्जा नाही. काम संचालकांना समाधानकारक वाटले तरच पुढचा विचार. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्रीसुद्धा, काम करावे लागेल. आणि प्रयोगशाळेतील पुरुष विद्यार्थ्यांचे चित्त विचलित होता कामा नये.

कमलाबाईंनी तिन्ही अटी मान्य केल्या. समाजमाध्यमांवर हा प्रसंग बहुधा 'रामन यांना हरवणारी मुलगी' अशा मथळ्याखाली फिरतो. ते खरे नव्हे. त्या दिवशी अपमान गिळावा लागला तो त्यांनाच. तिसरी अट तर विज्ञानाशी संबंध नसलेली; पुरुषांच्या चित्ताची जबाबदारी स्त्रीवर टाकणारी. मात्र पहिल्या अटीत एक गोष्ट दडलेली होती : मुदत. निर्विवाद नकाराच्या जागी आता एका वर्षाची कसोटी आली होती आणि कसोटी कामाने जिंकता येते.

मार्गदर्शक एम. श्रीनिवासय्या शिस्तीचे कडक. त्यांच्या हाताखाली कमलाबाईंनी दूध आणि कडधान्यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. वर्ष सरले, रामन यांचे समाधान झाले आणि संस्थेत स्त्रियांना प्रवेश मिळू लागला. १९३६ मध्ये कमलाबाईंना एम.एस्सी. पदवी मिळाली. रामन थोर शास्त्रज्ञ होते, पण स्त्रियांच्या बाबतीत त्यांची दृष्टी संकुचित होती, असे त्या उतारवयातही स्पष्ट सांगत.

दार उघडले म्हणजे वाट सोपी झाली, असे नाही. १९४० मध्ये रामन यांच्या प्रयोगशाळेत आलेल्या ॲना मणी यांनी हिरे आणि माणिकांच्या वर्णपटांवर वर्षानुवर्षे काम केले, १९४५ मध्ये प्रबंधही सादर केला; एम.एस्सी. नाही, या कारणाने मद्रास विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट नाकारली.

कमलाबाई पुढे मुंबई विद्यापीठाच्या शिष्यवृत्तीवर केंब्रिजच्या न्यूनहॅम महाविद्यालयात गेल्या. तेथील अडचण वेगळी होती : प्रयोगशाळेत जागाच नव्हती. डेरेक रिश्टर या संशोधकाने आपले टेबल दिवसा त्यांना देऊ केले. तो स्वतः रात्री काम करी. रिश्टर गेल्यावर त्या रॉबिन हिल यांच्याबरोबर काम करू लागल्या. बटाट्याच्या ऊतींचा अभ्यास करताना वनस्पतींच्या पेशीश्वसनात 'सायटोक्रोम सी' या प्रथिनाचा सहभाग त्यांनी दाखवून दिला. १९३९ मध्ये डॉक्टरेट मिळाली. केंब्रिज त्या वेळी स्त्रियांना पदवी देई ती नाममात्र. विद्यापीठाचे पूर्ण सदस्यत्व त्यांना मिळाले १९४८ मध्ये. बंगळुरूला नाके मुरडणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे.

मायदेशी परतल्यावर दिल्लीचे लेडी हार्डिंग महाविद्यालय, मग कुन्नूरची पोषण संशोधन प्रयोगशाळा आणि विवाहानंतर, आता कमला सोहोनी म्हणून, मुंबईची विज्ञान संस्था. येथे त्यांनी नीरा या पेयाच्या पोषणमूल्यांवर संशोधन केले, त्याबद्दल राष्ट्रपतींचा पुरस्कारही लाभला. मुंबईच्या संस्थेचे संचालकपद मात्र अंतर्गत राजकारणामुळे त्यांच्यापासून चार वर्षे दूर ठेवले गेले. या वेळी समोर एकही अट नव्हती, त्यामुळे पूर्ण करून दाखवण्यासारखेही काही नव्हते.