कार्ड घासल्याचा आवाज

अमेरिकेतल्या छोट्या विक्रेत्यांच्या हाती 2010 च्या सुमारास 'स्क्वेअर'चं चौकोनी यंत्र आलं. फोनच्या हेडफोनच्या भोकात खोचायचं, त्यातून कार्ड ओढायचं, की पैसे जमा. त्याची जन्मकथा सर्वश्रुत आहे. सेंट लुइसचे काच-कारागीर जिम मॅकेल्वी यांच्याकडे अमेरिकन एक्स्प्रेसचं कार्ड घ्यायची सोय नव्हती, काचेच्या नळाचं गिऱ्हाईक हातचं गेलं आणि 2009 मध्ये त्यांनी जॅक डॉर्सींबरोबर कंपनी काढली. यंत्र का हवं होतं हे यातून कळतं. ते हेडफोनच्याच भोकात का शिरलं, हे मात्र कळत नाही. त्यासाठी कॅन्सस सिटी गाठावी लागते.

नोव्हेंबर 1975 मध्ये 'बाइट' मासिकाने तिथे एक बैठक बोलावली. घरी जोडलेल्या अल्टेअरसारख्या संगणकांच्या मालकांना डिस्क परवडत नसे. प्रोग्राम साध्या टेपरेकॉर्डरवर आवाजाच्या रूपात साठवायचे, पण प्रत्येकाची तऱ्हा निराळी. बैठकीतून एक रीत ठरली : शून्यासाठी 1200 हर्ट्झचा सूर, एकासाठी त्याच्या दुप्पट, 2400.

आता कार्डाची काळी पट्टी पाहा. तिथेही शून्याच्या दुप्पट वारंवारता म्हणजे एक! हे साम्य दिसलं आणि मी या विषयाच्या मागेच लागलो.

जाणकार लगेच अडवतील : पट्टी जुनी आहे. आयबीएमच्या फॉरेस्ट पॅरींनी 1960 च्या सुमारास पत्नीच्या सूचनेवरून इस्त्रीने टेप कार्डावर चिकटवली, अशी गोष्ट सांगतात. मान्य. पट्टी कॅन्सस सिटीची लेक नव्हे, फार तर चुलत बहीण. माझा दावा पट्टीबद्दल नाही, भोकाबद्दल आहे. पट्टीच्या दुसऱ्या ओळीत इंचाला 75 बिट असतात. हाताने सेकंदाला 10 इंच ओढली तर 750 बिट, म्हणजे सगळे शून्य असतील तर 375 हर्ट्झ, सगळे एक असतील तर 750. हा तर माणसाच्या बोलण्याचाच पट्टा, आणि फोनचा माइक त्यासाठीच बनलेला! म्हणूनच हौशी मंडळी 'स्क्वेअर'च्या आधीपासून रीडरचं हेड पीसीच्या साउंडकार्डाला जोडून कार्डं वाचत होती. कॅसेटवरून प्रोग्राम चढवलेल्या पिढीलाच ही वाट सुचली असणार, असं मी ठामपणे मानतो.

पितृत्वावरून भांडणही झालं. वॉशिंग्टन विद्यापीठाचे प्राध्यापक रॉबर्ट मोर्ली यांनी यंत्रावर हक्क सांगून दावा लावला. 2016 मध्ये 5 कोटी डॉलरवर तडजोड झाली. नळाची गोष्ट सांगणाऱ्यांनी मोर्लींचं नावही तितक्याच आवर्जून घ्यायला हवं.

माझ्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा मात्र प्रतिस्पर्ध्याने दिला. 2011 मध्ये 'व्हेरिफोन'ने जाहीर आरोप केला, की हे यंत्र कार्डाची माहिती सांकेतिक न करता तशीच फोनमध्ये सोडतं, त्यामुळे कुठलंही चोरटं ॲप ती टिपू शकतं. डॉर्सींनी आरोप अन्यायकारक ठरवला. पण सुरुवातीचं यंत्र खरोखरच पट्टीचा कच्चा आवाज फोनच्या कानात ओतत होतं, अगदी टेपरेकॉर्डरच्या हेडसारखा. माहिती यंत्रातच सांकेतिक करणारी आवृत्ती त्यानंतर आली.